हॅना कधीच रजेवर गेली नाही

लिफ्ट मधेच अडकून दिवा गेला, तेव्हा माझ्या तोंडून खरं तर अल्लाचं नाव निघायला हवं होतं. निघालं भलतंच. अंधारात चाचपडत इंटरकॉमचं बटण दाबलं, पलीकडून खरखर ऐकू आली, आणि मी माझ्या गोड, हसऱ्या, पगारी आवाजात म्हणाले, "हॅलो, धिस इज हॅना, हाउ मे आय हेल्प यू?"

माझ्या पाठीमागे कुणीतरी हसलं.

मोबाइलमध्ये डोकं घालून आत शिरले होते, त्यामुळे लिफ्टमध्ये आणखी कुणी आहे हे मला ठाऊकच नव्हतं. पुरुषाचा आवाज होता, खालच्या पट्टीतला. "मदत आपल्यालाच हवीये," तो म्हणाला. "वॉचमन जनरेटर चालू करेल, घाबरू नका. पण एक विचारू का... तुम्ही पहिली हॅना की दुसरी?"

"दुसरी कोण?"

अंधारात माणूस गप्प झाला की तो आहे की नाही तेही कळत नाही. हात पुढे करून तो खरोखर उभा आहे का ते बघावं, असं मला वाटून गेलं. मग तो हळूच म्हणाला, "तेच तर मी शोधतोय."

दिवा आला. निळा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, आणि दिवसभर हेडफोन लावणाऱ्यांच्या केसांत पडते तशी खाच. गळ्यातल्या कार्डावर नाव होतं इमाद मुकादम, आणि खाली त्याचं खातं, क्वालिटी. म्हणजे आमचे कॉल चोरून ऐकून मार्क देणाऱ्या जमातीपैकी. आमच्या फ्लोअरवर या लोकांशी कुणी फारसं बोलत नाही.

"तुमचा आवाज रोज ऐकतो," तो म्हणाला. "चेहरा आज बघितला."

"चेहऱ्याला मार्क किती?" मी विचारलं. वास्तविक मला घाई होती, आणि अनोळखी माणसाशी असं बोलायची माझी पद्धतही नाही. पण काही माणसांसमोर जीभ स्वतःच्याच मनाने चालते.

"तो तक्ता आमच्याकडे नाही," तो म्हणाला. "पण बनवायला घेतो."

दार उघडलं आणि मी पळाले. माझ्या आपाला कळा सुरू झाल्या होत्या आणि अम्मी तिला घेऊन नर्सिंग होमला पोचली होती. रिक्षात बसल्यावर मला आठवलं की दुसऱ्या हॅनाचं काय ते त्याने सांगितलंच नाही.

आमचं ऑफिस मीरा रोड स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. खाली साड्यांचं दुकान आणि वर आम्ही. इंग्लंडमधल्या वयस्कर लोकांना कानाच्या मशीनच्या बॅटऱ्या पाठवायच्या, मशीन शिट्टी मारायला लागलं तर काय करायचं ते फोनवर सांगायचं, हे आमचं काम. फ्लोअरवर कुणीच स्वतःच्या नावाने बोलत नाही. हृतिक तिथे 'रिक' असतो, कृतिका 'केट'. ही नावं आपण निवडायची नसतात, नाव लॉगिनला चिकटलेलं असतं. एक मुलगी सोडून गेली की तिच्या जागी येणारीला तिची खुर्ची, तिचा हेडफोन आणि तिचं नाव मिळतं, कारण म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना ओळखीचं नाव लागतं. मला 'हॅना' मिळालं आणि मी मनातून खूश झाले.

कारण माझं खरं नाव खैरुन्निसा. खैरुन्निसा परकार. दादी गेली आणि पाठोपाठ मी जन्मले, तेव्हा तिचं नाव न विचारता माझ्या पदरात पडलं. शाळेत हजेरी घेताना बाई माझ्या नावापाशी आल्या की चष्मा सारखा करायच्या. ट्रेनिंगमध्ये इंग्लिशचा सर तर दोनदा प्रयत्न करून 'नेक्स्ट' म्हणाला होता. आपाने हे सगळं बघितलेलं, म्हणूनच तिचा हट्ट होता की तिच्या मुलीचं नाव कुणाच्याही घशात अडकणार नाही. दुल्हाभाई, म्हणजे आपाचा नवरा, बर्मिंगहॅमला नोकरीला. बाळ तीन महिन्यांचं झालं की आपा तिकडे जाणार होती. तेव्हा नाव मुसलमानाचंच हवं, अर्थ चांगला हवा, आणि तिथल्या शाळेतल्या बाईंना ते पहिल्या झटक्यात घेता आलं पाहिजे.

दुल्हाभाई रोज व्हॉइस मेसेजवर नावं बाद करायचे. खदीजा नको, गोऱ्यांना ख जमत नाही. झुलेखाचं तेच. गझाला म्हणायला गेले तर घसा खाकरतायत असं वाटेल. सारा चाललं असतं, पण आमच्या खानदानात सारा नावाच्या मुलींची गर्दी झालेली. मरियम अम्मीला आवडलं, तर दुल्हाभाई म्हणाले तिकडे तिची मिरियम करून टाकतील. नाव मिळत नव्हतं आणि बाळ मात्र दोन आठवडे आधीच निघालं होतं.

मी पोचले तेव्हा मुलगी झालेली होती. अब्बा अकीक्याचा, म्हणजे सातव्या दिवशीच्या नामकरणाचा, बकरा आधीच बघून ठेवावा म्हणून चेणे गावाला गेलेले, आणि येताना घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेले. आमच्याकडे बाळाच्या कानात पहिला शब्द अजानचा जायला हवा. म्हणून अम्मी, नर्स, आपा, सगळ्या जणी बाळाजवळ कुजबुजतसुद्धा नव्हत्या. ते बिचारं मात्र जीव खाऊन रडत होतं.

"खैरू, घे जरा तिला," अम्मी खुणेनेच म्हणाली आणि डॉक्टरांना गाठायला गेली.

मी घेतलं. कपड्यात गुंडाळलेला तो जीव, लालबुंद, मुठी आवळलेला. मला रडू आलं, हसू आलं, आणि काय करावं सुचेना. रडणारं माणूस समोर आलं की मी एकच गोष्ट करू शकते, रोज तेच करते. मी तिच्या कानाशी वाकले आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "हॅलो... धिस इज हॅना."

बाळ गप्प झालं. एकदम, नळ बंद करावा तसं. त्याने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलंच नाही. माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिलं. मी वळून पाहिलं. मागे भिंत होती आणि ऑक्सिजनचा रिकामा सिलिंडर.

"काय म्हणालीस?" पलंगावरून आपाचा थकलेला आवाज आला. "हना? ...खैरू, किती सुंदर आहे. आनंदच ना अर्थ? आणि गोऱ्यांकडे पण असतं." तिने डोळे मिटले. ती हसत होती. याआधी दोन वेळा या पलंगावरून ती रिकाम्या हाताने घरी आली होती. असं हसताना मी तिला फार दिवसांनी पाहत होते.

अब्बा घामाघूम होऊन आले, त्यांनी अजान दिली, आणि पहिला शब्द आधीच जाऊन बसलाय हे मी कुणालाही सांगितलं नाही. दुल्हाभाईंनी तिकडून नाव पास केलं. सातव्या दिवशी अकीका, तेव्हा ते जाहीर होणार होतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी इमादने मला क्वालिटीच्या खोलीत बोलावलं. खोली म्हणजे काचेचं कपाटच, दोन माणसं जेमतेम मावतील असं. त्याने एक हेडफोन उलगडून त्याचा एक कान मला दिला, एक स्वतः धरला. इतक्या जवळ बसल्यावर माणसाच्या शर्टाचा साबणसुद्धा कळतो.

"तुम्ही नाव घेण्याआधी श्वास घेता," तो म्हणाला. "जसं काही दुसरंच नाव घेणार आहात आणि मग बेत बदलता. मला ते... म्हणजे कामाचा भाग म्हणून... आवडतं."

"कामाचा भाग म्हणून?"

"सुरुवात कामानेच झाली," तो स्क्रीनकडे बघत म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "आता ऐका."

माझा आवाज आला. हॅलो, धिस इज हॅना. त्यानंतर एक रिकामी जागा. मग कुणीतरी श्वास घेतला, आणि अगदी जवळून, माझ्या आवाजाला खेटून, एक मुलगी म्हणाली, "हॅना." शेवटचा आ थोडा लांबवून. हजेरीत आपलं नाव आलं की मुलं 'हजर' म्हणतात, त्या सुरात. तो आवाज माझा नव्हता.

मी हेडफोन खाली ठेवला. इमादने आणखी कॉल लावून दाखवले. फक्त माझ्या लॉगिनवर, आणि फक्त दिवेलागणीच्या वेळचे. सिस्टिमवाल्याने सगळं तपासून सांगितलं होतं की त्या लाइनवर दुसरा माइक नाही. इमादलाही आधी हा मशीनचा घोळ वाटला होता, पण मशीन श्वास घेत नाही.

"आणि तुमच्या मिसेस व्हिटेकर," तो म्हणाला, "त्यांचं बोलणं मी नीट ऐकलंय. त्यांना माहितीये."

मिसेस व्हिटेकर दर आठवड्याला फोन करायच्या. बॅटऱ्या संपलेल्या नसायच्या. एकट्या होत्या, त्यांना हॅनाशी बोलायचं असायचं. मांजर, गुडघे, खिडकीतला बर्फ. अधूनमधून मात्र त्या बोलता बोलता थांबून म्हणायच्या, "आज ती पण आहे ना तुझ्याबरोबर? ती दुसरी?" वय झालंय असं समजून मी हो म्हणायचे. आता ते सगळे 'हो' मला आठवले.

त्या संध्याकाळी आम्ही आमच्या टीम लीडरला, रुचिताला, चहाच्या टपरीवर गाठलं. माझ्या आधी या लॉगिनवर कोण होतं, एवढंच विचारलं. रुचिता आधी टाळाटाळ करत राहिली. मग तिने सांगितलं. समिधा नावाची मुलगी होती, भाईंदरची. हसरी, गिऱ्हाइकांची लाडकी. ताप अंगावर काढत शिफ्ट करत होती. मग आली नाही, आणि मग ती गेलीच. शुक्रवारी ती गेली आणि सोमवारी आमची ट्रेनिंगची बॅच फ्लोअरवर आली.

"गिऱ्हाइकांना कळवलं नाही?" इमादने विचारलं.

"काय कळवणार?" रुचिता म्हणाली. "त्यांच्यासाठी हॅना आहे ना. हॅना एक दिवस पण रजेवर गेली नाही."

ती कप ठेवून निघून गेली. त्या खुर्चीत, त्या हेडफोनमध्ये कोणाच्या तरी कानाची ऊब अजून होती आणि मी ती वापरत होते. मला त्या मुलीची भीती वाटली आणि तिच्यासाठी वाईटही वाटलं. घरचे तिच्यासाठी रडले असतील, पण ते समिधासाठी. हॅनासाठी कोणीच रडलं नव्हतं.

आणि तेच नाव मी आमच्या बाळाच्या कानात टाकलं होतं. अजानच्या आधी.

पुढचे दोन दिवस मी घरी बाळाकडे बघायचं टाळत होते. कुणी 'हना' म्हटलं की ते रडता रडता थांबायचं आणि कोपऱ्यात नजर लावायचं. बाकी कशानेच थांबायचं नाही. अम्मी कौतुकाने म्हणायची, बघा, आत्तापासून नाव कळतंय. मी उठून स्वयंपाकघरात जायचे.

सुट्टीच्या दिवशी इमादने विचारलं, जेसल पार्कला खाडीवर येतेस का. 'येता का'चं 'येतेस का' कधी झालं ते आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं. संध्याकाळ होती. भरती ओसरलेली, चिखलाचा वास, पाण्यावर धुकं की धूर ते सांगता येणार नाही असं काहीतरी. काठावरच्या कठड्याला टेकून मी त्याला नर्सिंग होममधलं सगळं सांगितलं.

त्याने हसण्यावारी नेलं नाही. तेव्हाच तो मला पटला. "आपाला सांग," तो म्हणाला.

"काय सांगू? की बाई गं, तुझ्या लेकीला मी मेलेल्या मुलीचं नाव दिलंय, आणि ती मुलगी अजून माझ्या फोनवर बोलते? दोन लेकरं गमावलीत तिने, इमाद. ती आयुष्यभर त्या पोरीच्या पाळण्याशी जागत बसेल."

"मग नाव बदला म्हण. कारण न सांगता."

"कारण विचारेल. आणि बदललं तरी... ते कानात गेलंय ना."

समोर खाडीवर अंधार उतरत होता. पलीकडच्या काठावर कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं, नाव ऐकू येत नव्हतं, फक्त शेवटचा लांबवलेला स्वर येत होता. आम्ही दोघंही तो ऐकत होतो आणि दोघांनीही एकमेकांना तसं दाखवलं नाही. त्याने माझा हात धरला. त्याचाही हात गार होता.

"खैरुन्निसा," तो म्हणाला.

कुठेही न अडखळता, 'ख' घशातून, 'न'वर नीट जोर देऊन. माझं नाव इतकं पूर्ण कुणी घेतलं नव्हतं.

"घाबरू नको असं म्हणणार होतो," तो म्हणाला. "पण मी पण घाबरलोय. म्हणून नुसतं नाव घेतलं."

"सराव केला होतास?"

"काचेच्या खोलीत. दार लावून." थोडं थांबून तो म्हणाला, "ती बिचारी रोज येऊन आपलं नाव सांगते. बहुतेक कुणीतरी तिला गेलीस म्हणून सांगायला हवं... किंवा तिच्या माणसाला सांगायला हवं."

तिचं माणूस कोण, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

अकीक्याच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला मिसेस व्हिटेकरांचा फोन आला. काचेच्या खोलीत इमादने मान वर केली. तो लाइनवर आहे हे मला कळलं. मी माझं वाक्य म्हटलं, आणि त्यानंतर या वेळेला माझ्याच कानात, उजव्या बाजूला, श्वास ऐकू आला. "हॅना."

खोटं बोलायचं तर अजूनही बोलता आलं असतं, आणि नोकरीचा नियमही तोच होता. पण घरी एक जीव त्या नावाकडे टक लावून होता, आणि ते नाव कोणाचं हे एकदा तरी कुणीतरी स्पष्ट बोलायलाच हवं होतं. मी म्हणाले, मिसेस व्हिटेकर, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. ज्या हॅनाशी तुम्ही आधी बोलायचात ती मी नाही. ती खूप आजारी पडली होती. ती वारली. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, त्याबद्दल माफ करा. तिचं खरं नाव समिधा होतं.

पलीकडे घड्याळाची टिकटिक येत होती. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या की मला वाटलंच होतं, बाळा. शेवटच्या वेळी तिचा आवाज तापलेला होता. मी तिला म्हटलं होतं, घरी जा, झोप. ती म्हणाली शिफ्ट संपली की जाते. त्या रडत होत्या. मी पण रडत होते, आणि आजूबाजूला रिक आणि केट बॅटऱ्यांच्या ऑर्डरी घेत होते.

"तू जा आता, पोरी," मिसेस व्हिटेकर म्हणाल्या. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. "शिफ्ट संपली तुझी."

कानात श्वास आला. तेवढाच. त्यानंतर लाइन इतकी मोकळी झाली की मला त्यांच्या मांजरीची गुरगुर ऐकू आली.

मग त्यांनी माझं नाव विचारलं. मी म्हटलं, अवघड आहे, राहू द्या. त्या म्हणाल्या, माझ्याकडे संध्याकाळपर्यंत दुसरं काही काम नाही. मी एकेक तुकडा करून सांगितलं. त्यांनी घेतलं, चुकलं, परत घेतलं. खै-रून... खैरु-निसा... आणि मग एकदा ते पुरतं आलं, थोडं वाकडं, पण माझंच. सुंदर आहे, त्या म्हणाल्या, आणि इतके दिवस तू हे कशाला लपवत होतीस ते मला कळत नाही.

फोन ठेवला तेव्हा इमाद माझ्या टेबलाशी उभा होता.

"कॉलवर स्वतःचं खरं नाव सांगितलं तर सरळ शून्य," तो म्हणाला. "नियम आहे. मला द्यावंच लागेल."

"दे."

"दिलं." त्याचे डोळे ओले होते. "आयुष्यात ऐकलेला सगळ्यात चांगला कॉल होता. आता माझं काम झालं, म्हणून कामाचा भाग नसताना सांगतो... मला तू आवडतेस. आवाज आधी आवडला, मग तो श्वास, मग बाकीची पूर्ण."

मी नाक पुसलं. "उद्या अकीका आहे," शेवटी मी म्हणाले. "बिर्याणी आहे. ये."

रात्री जेवणानंतर आपाच्या शेजारी बसून मी तिला सगळं सांगितलं. नर्सिंग होममधलं, समिधाचं, खाडीवरचं, मिसेस व्हिटेकरांचं. बाळ तिच्या मांडीवर झोपलं होतं. माझं बोलणं संपेपर्यंत ती त्याच्या पायावरून हात फिरवत राहिली. मी वाट बघत होते की आता ही उठेल, बाळाला उराशी धरेल, मला खोलीतून जा म्हणेल.

"अजानच्या आधी बोललीस?" तिने विचारलं.

"हो."

"गाढव आहेस." एवढं म्हणून तिने बाळाचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाली, "तुझं नाव दादीचं. माझं नाव अम्मीच्या खालाचं, ती बाळंतपणात गेली. अब्बांचं नाव त्यांच्या चुलत्याचं, तो समुद्रात गेला, सापडला पण नाही. खैरू, आपल्याकडे कोरं नाव मिळालंय कुणाला? सगळी कुणीतरी वापरून गेलेलीच." तिने बाळाकडे बघितलं. "मी शोधत होते की तिकडे कुणाच्या तोंडात बसेल असं नाव. हे तर तिकडच्या एका म्हातारीने जीव लावून घेतलेलं आहे. याहून काय चांगलं मिळणार? फक्त त्या मुलीसाठी दुआ कर. मी पण करते."

आम्ही दोघींनी हात वर केले. समिधाला आमची दुआ चालेल की नाही ते मला माहीत नव्हतं, पण तिच्यासाठी दुसरं काही येतही नव्हतं.

सातव्या दिवशी नया नगरच्या आमच्या दोन खोल्यांत माणसं मावत नव्हती. बाळाचे केस काढले, बिर्याणीचा वास जिन्यापर्यंत गेला, आणि फोनवर बर्मिंगहॅमहून दुल्हाभाई, झोपेतून उठलेले, केस विस्कटलेले. अब्बांनी बाळाला घेतलं आणि मोठ्याने नाव जाहीर केलं. हना.

त्यावर कुणीतरी 'हं' केलं. अगदी हळू, दाराच्या बाजूने, समाधानाचा हुंकार. अम्मीला वाटलं आपाने केला, आपाला वाटलं मी. मी दाराकडे बघितलं, तिथे नुसत्या चपला होत्या. बाळाने या वेळी कुठेच बघितलं नाही. ते अब्बांच्या दाढीचे केस मुठीत धरून झोपून गेलं. मला भीती वाटली नाही.

इमाद उशिराने आला, अब्बांना सलाम करून एका कोपऱ्यात बसला आणि दोनदा बिर्याणी घेऊन अम्मीच्या मनात घर करून मोकळा झाला. निघताना मी त्याला सोडायला खाली गेले. आमच्या जिन्यावरचा बल्ब कधीच लागत नाही, त्यामुळे पुन्हा एकदा आम्ही दोघं अंधारात होतो आणि नुसते आवाज होते.

"हॅना हे नाव आता लॉगिनवर राहणार नाही," तो म्हणाला. "रुचिताशी बोललोय, नाव तुला स्वतः निवडू देणार आहे. फ्लोअरवर तू काय म्हणवून घेणार?"

"खैरुन्निसा."

"गिऱ्हाईक अडखळतील."

"अडखळू देत. एकीने शिकून घेतलंय."

तो हसला. मग पायरीवर उतरता उतरता थांबला. "आणि मी? मी काय म्हणायचं? घरचे खैरू म्हणतात. ते सोपं आहे... रोज म्हणायला."

त्या 'रोज'वर तो जरा घुटमळला. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण एव्हाना त्याचा श्वास मलाही ओळखता येत होता. तो धरून ठेवलेला होता.

"तू पूर्ण म्हणायचं," मी म्हणाले. "रोज."

"रोज म्हणजे... रोज?"

"अब्बांशी बोल आधी. पण हो. रोज."